उभ्या माणसांची टाच

टाच दुखते, असं मुंबईत चारचौघींत बोलू नये. मी सकाळच्या स्लो लोकलच्या लेडीज डब्यात बोलून बसले आणि भांडुप ते दादर एवढ्या अंतरात माझ्यावर उपचारांचा नुसता मारा झाला. समोरच्या काकूंनी रुईचं पान सांगितलं. वीट तापवायची, तिच्यावर पान अंथरायचं, पानावर टाच दाबायची, सोसेल तेवढा चटका सोसायचा. शेजारणीने युरिक ॲसिड बघून घ्यायला सांगितलं. दाराशी उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीने व्हिटॅमिन डीचं नाव घेतलं. ‘हाड वाढलंय तुमचं, माझ्या जावेचं तेच होतं,’ असा निकाल विक्रोळीला लागला. आणि घाटकोपरला चढलेल्या, गप्पांचं शेपूटच कानावर पडलेल्या एका बाईंनी ‘वजन उतरवा’ एवढंच म्हणून पर्समधून फरसाणाची पुडी काढली.

हे सल्ले मी हसण्यावारी नेत नाही. त्यांतला जवळपास प्रत्येक सल्ला कुठल्या तरी खऱ्या टाचेचा अनुभव घेऊन आलेला असतो. पण टाच दुखायची कारणं पुष्कळ, आणि जिला ज्याने बरं वाटलं तिला तेच जगाचं औषध वाटतं.

माझं दुखणं सकाळचं. पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेच्या आतल्या अंगाला अशी कळ यायची, की भिंत धरल्याशिवाय दुसरं पाऊल पडत नसे. बाथरूमपर्यंत जाईतो जरा सैल व्हायचं. शाळेत पहिल्या दोन तासांत तर विसरच पडायचा. मग मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून उठले, की पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी दादरचा पूल चढताना ती टाच वेगळ्याच तऱ्हेने ठणकायची. आमच्या शाळेतल्या एका मुलीची आई फिजिओथेरपिस्ट आहे. पालकसभा संपल्यावर तिने मला बाकावर बसवलं, चप्पल काढायला लावली, बोटं मागे ओढून धरली आणि अंगठ्याने टाचेच्या आतल्या कडेची एक जागा दाबली. मी जे ओरडले ते वरच्या मजल्यावर ऐकू गेलं असणार. ‘बाई, तुम्ही दिवसभर उभ्याच असता ना?’ एवढंच तिने विचारलं.

पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. एवढ्या पसाऱ्याची कमान तोलून धरायला तळव्याच्या कातडीखाली एक जाड, पांढरट, चिवट पट्टा आहे. टाचेच्या हाडाच्या आतल्या बाजूने तो निघतो आणि पंख्यासारखा पसरत बोटांच्या मुळांशी जातो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. चालताना टाच उचलली जाते, बोटं मागे वळतात, आणि रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा ताणला जातो. त्या ताणाने कमान वर उचलली जाते आणि एरवीचं लवचीक पाऊल क्षणभर कडक होऊन अख्ख्या देहाला पुढे ढकलतं. हिक्स नावाच्या शरीररचनेच्या अभ्यासकाने १९५४ साली हे मांडून दाखवलं. दिवसाला हजारो वेळा हे होत असतं, आणि सगळ्यात जास्त ओढ बसते ती पट्टा जिथे टाचेच्या हाडाला धरतो तिथे. माझं ओरडणं त्याच जागेचं.

रात्री आपण पाय सैल सोडून झोपतो. चवडा खाली झुकलेला, पोटरी आखडलेली, पट्टाही आखूड झालेला. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की त्या आखडलेल्या पट्ट्यावर एकदम सगळा भार येतो. कळ नेमकी तेव्हाच का येते, याचं उत्तर एवढं साधं आहे. याला सूज म्हणायची पद्धत जुनी आहे. पण २००३ साली अमेरिकेत शस्त्रक्रियेत काढलेले या पट्ट्याचे ५० नमुने सूक्ष्मदर्शकाखाली बघितले गेले, तेव्हा त्यांत सुजेच्या खुणा सापडल्या नाहीत. सापडली ती झीज. धागे विस्कटलेले, दुरुस्ती अर्धवट राहिलेली. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी आठ-दहा दिवस आराम वाटतो आणि गोळ्या संपल्या की टाच पुन्हा बोलायला लागते, त्याचा उलगडा मला इथे झाला.

आता ते ‘हाड’. एक्स-रे मीही काढला होता, सगळेच काढतात. टाचेच्या हाडाला पुढच्या बाजूने एक बारीक टोक आलेलं त्यात स्पष्ट दिसत होतं. दुखण्याचा फोटो हातात आला की माणसाला एक विचित्र समाधान मिळतं. इतके दिवस घरच्यांना सांगून पटत नव्हतं, आता उजेडासमोर धरून दाखवता येतं. पण ज्यांची टाच आयुष्यात कधी दुखली नाही अशा पुष्कळ माणसांच्या एक्स-रेमध्येही असंच टोक दिसतं, आणि ज्यांची टाच असह्य दुखते अशा कित्येकांच्या एक्स-रेमध्ये काहीच नसतं. ते टोक खाली टोचत नसतं. दुखणं बरं झाल्यावरही ते जागच्या जागी असतं. हे कुणी नीट सांगत नाही, आणि मग माणूस हाड झिजवायची गोळी शोधत फिरतो, नाहीतर कापाकापीच्या भीतीने चालणंच सोडून देतो. ‘हाड वाढलंय’ या वाक्याने जेवढं नुकसान केलंय तेवढं त्या हाडाने केलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्थात, सगळ्याच टाचा याच कारणाने दुखत नाहीत. कुठे दुखतं, हे बोट ठेवून सांगता आलं तर अर्धं काम होतं. टाचेच्या बरोब्बर मधोमध, ठेच लागल्यासारखं, आणि कडक फरशीवर जास्त दुखत असेल, तर बहुधा टाचेखालची चरबीची गादी पातळ झालेली असते. वयाबरोबर ती होतेच. मागच्या बाजूला, जिथे पोटरीची जाड शीर येऊन मिळते तिथे दुखत असेल, तर ते त्या शिरेचं दुखणं. आग, मुंग्या, सुन्नपणा असेल तर नस कुठेतरी दाबली जात असते. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबल्यावर जीव जात असेल आणि अलीकडेच चालणं-धावणं एकदम वाढलं असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. तिथे व्यायाम नको, डॉक्टर हवा. पंचविशी-तिशीतल्या पोराच्या दोन्ही टाचा दुखतात, सकाळी कंबर आखडते आणि हालचाल केल्यावर मोकळी होते, असं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. युरिक ॲसिडवाल्या बाईंचा आवडता आजार, म्हणजे गाऊट, बहुतेक वेळा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी येतो. एका रात्रीत, लालबुंद, पांघरूणसुद्धा सोसवत नाही असा.

आमच्या सातवीतली मुलं खो-खोच्या सरावानंतर लंगडत येतात तो आणखी एक प्रकार. आठ ते चौदा या वयात टाचेच्या हाडाची वाढ चालू असते, तिथल्या कूर्चेवर पोटरीची ओढ बसते. पालक घाबरतात, मुलं त्याहून जास्त, कारण त्यांना संघातून नाव कटेल याची धास्ती. थोडे दिवस उड्या कमी केल्या, टाचेखाली मऊ पॅड घातलं, पोटरी सैल केली की हे जातं, आणि वाढ पूर्ण झाली की कायमचं जातं.

पण मुंबईत सगळ्यात जास्त भेटते ती पट्ट्याची टाच, आणि ती चाळिशी-साठीच्या दरम्यानच्या, दिवसभर उभ्या असणाऱ्या माणसांची. सपाट तळवा, फार उंच कमान, आखडलेली पोटरी, अचानक वाढलेलं वजन, अचानक सुरू केलेलं धावणं ही कारणं आहेतच. फरसाणवाल्या बाई चुकीचं बोलल्या नाहीत. पण त्या सगळ्यांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे कडक जमिनीवर तासन्‌तास उभं राहणं.

माझी आत्या पालिकेच्या इस्पितळात नर्स होती. तिच्या पिढीत टाचदुखी हा आजार नव्हता, तो नोकरीचाच भाग होता. रात्री ती पाय लांब करून बसायची आणि मी तिच्या तळव्यांना खोबरेल लावून काशाच्या वाटीने चोळायचे. तेल काळं व्हायचं. ‘बघ किती उष्णता निघाली,’ असं ती समाधानाने म्हणायची. तो काळा रंग काशाचा, तेलाशी घासल्यामुळे आलेला, हे मला फार नंतर कळलं. पण मी वाटी फिरवत असेपर्यंत घरातलं कुणी तिला उठवायचं नाही, पाणी मागायचं नाही, हा आमच्याकडचा अलिखित नियम होता. वाटीचा गुण असेल-नसेल. त्या बैठकीचा नक्की होता.

बसणं ही या शहरात किती महागडी वस्तू आहे, ते टाच दुखायला लागल्यावर दिसतं. आमच्या वर्गात खुर्ची असते, ती हजेरी घेण्यापुरती. बसून शिकवणारी बाई कामचुकार, हे आम्हा शिक्षकांना वेगळं शिकवावं लागत नाही. दादरच्या जुन्या साड्यांच्या दुकानात विक्रेता गादीवर मांडी घालून बसलेला असे, गिऱ्हाईकही समोर बसलेलं, आणि साड्यांचा ढीग दोघांच्या मध्ये. आता काचेच्या, वातानुकूलित दुकानात जा. मुली गुळगुळीत टाइल्सवर, पातळ तळव्याच्या काळ्या बुटांत, सकाळपासून रात्रीपर्यंत हात बांधून उभ्या. गिऱ्हाईक नसतानाही उभ्या. बसलेली मुलगी दिसली तर दुकान मंद चालतंय असं वाटतं म्हणे. केरळात कोझिकोडच्या दुकानांतल्या बायकांनी या एका गोष्टीसाठी कित्येक वर्षं झगडा केला, आणि २०१८ साली तिथल्या कायद्यात कामगाराला बसायला जागा देण्याची तरतूद आली. २०२१ मध्ये तामिळनाडूने तोच कायदा केला. मला तरी हे टाचदुखीवरचं आपल्या देशातलं सगळ्यात मोठं औषध वाटतं, आणि ते कुठल्याच केमिस्टकडे मिळत नाही.

घरातली गोष्ट वेगळी नाही. ओट्याशी उभं राहून पोळ्या, मग भाजी, मग भांडी. पूर्वी चूल जमिनीवर होती, बाई पाटावर बसायची. गुडघ्यांचे हाल व्हायचे. ओटा आला, गुडघे सुटले, टाच अडकली. त्यात पायाखालची फरशी कडक, आणि पाय अनवाणी. फिजिओबाईंनी मला पहिली गोष्ट कुठली सांगितली असेल तर घरात चप्पल घालायची.

ती गोष्ट ऐकायला सोपी. करून बघा. आमच्या घरात बाहेरची चप्पल दारातच राहते, आणि घरातली चप्पल हा प्रकार फक्त परदेशातून आलेल्या पाहुण्यांच्या पायात दिसायचा. मी मऊ तळव्याची, कमानीला आधार असलेली नवी जोडी आणली. सासूबाई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. ‘देवघरात?’ ‘नाही आई, देवघराच्या आधी काढते.’ ‘आणि स्वयंपाकघरात?’ तिथे मात्र मी ठाम राहिले. कारण स्वयंपाकघरातच तर उभं राहायचं. महिनाभर आमच्याकडे एक शीतयुद्ध चाललं. मग त्यांच्याच टाचा कुरकुरायला लागल्या, आणि आता देवघराच्या उंबऱ्याशी दोन जोड्या शेजारी-शेजारी असतात. ओट्यापुढे जाड रबरी मॅट टाकली, तिला कुणीच हरकत घेतली नाही. मॅटला धर्म नसतो बहुतेक.

औषधाचं म्हणाल तर ते इतकं साधं आणि कंटाळवाणं आहे, की त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. सकाळी पलंगावरून उतरण्याआधी, बसल्या बसल्या, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा. हाताने पाचही बोटं नडगीकडे ओढायची. दुसऱ्या हाताच्या बोटांनी तळवा चाचपला तर तो पट्टा तारेसारखा ताणलेला लागतो. दहा आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, पण त्यातलं पहिलं पहिल्या पावलाच्या आधी. २००३ सालच्याच एका अमेरिकन अभ्यासात नुसती पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा हा व्यायाम करणाऱ्यांना आठ आठवड्यांनी जास्त आराम पडलेला दिसला. पोटरी तरीही ताणायचीच. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा एकदा सरळ आणि एकदा किंचित वाकवून, टाच जमिनीला घट्ट ठेवून.

दुसरा व्यायाम ताकदीचा. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, कठड्याला हात. तीन मोजत वर, दोन मोजत थांबायचं, तीन मोजत खाली. हा रोज नाही, एक दिवसाआड. डेन्मार्कमध्ये २०१४ साली याचा अभ्यास झाला. हा व्यायाम करणारी माणसं तीन महिन्यांनी नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा पुष्कळ पुढे होती, आणि वर्ष झाल्यावर दोन्ही गट जवळजवळ सारखेच. हा शेवटचा भाग मला फार आवडतो. कारण त्यातून कळतं की ही टाच बहुतेकांची बरी होतेच, फक्त तिला कित्येक महिने लागतात. मी आमच्या इमारतीच्या जिन्यात हे करायचे. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा रोज विचारायचे, ‘लिफ्ट बंद आहे का?’

संध्याकाळी पाण्याची बर्फ झालेली बाटली तळव्याखाली फिरवली की ठणका उतरतो. विटेचा शेकही पोटरी सैल करायला वाईट नाही. पण रुईच्या चिकाने कातडी भाजते, आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर तापलेल्या विटेच्या आसपासही फिरू नये. बुटात घालायच्या तयार इनसोलने पहिल्या काही महिन्यांत मदत होते. माप घेऊन बनवलेला महागडा इनसोल वर्षाअखेरीस त्यापेक्षा फार वेगळं काही करून दाखवत नाही, असं अभ्यास सांगतात. म्हणून आधी स्वस्तातला घ्यावा. रात्री पाऊल काटकोनात धरून ठेवणारा पट्टा काहींना मानवतो. मला तो मच्छरदाणीत मावेना.

आणि इंजेक्शन. ‘एक मारून घ्या, दुसऱ्या दिवशी पळाल,’ असं सांगणारी माणसं मला ठिकठिकाणी भेटली. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे खरंच बरं वाटतं. लग्नसराई तोंडावर आहे, परीक्षा आहेत, अशा वेळी मोह होतो, आणि योग्य हातांनी एखादं दिलेलं इंजेक्शन म्हणजे पाप नव्हे. पण पुन्हा पुन्हा घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी झिजते आणि क्वचित तळव्यातला तो पट्टाच तुटतो. कित्येक महिने उलटूनही फरक नसेल तर शॉकवेव्हसारखे उपचार आहेत. ऑपरेशनची पाळी फार थोड्यांवर येते.

पाय म्हटल्यावर नुसती टाचेची कळ सांगून भागत नाही, कारण मुंबईचा पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत या शहरातले पाय वाळतच नाहीत. बोटांच्या बेचक्यांत पांढऱ्या, भिजक्या, खाजऱ्या चिखल्या होतात. आमची आई त्यावर मेंदी लावायची, आणि निदान मेंदी वाळेपर्यंत पाय पाण्याबाहेर राहायचा. बहुतेक चिखल्या बुरशीच्या असतात. बोटांमधली जागा कोरडी ठेवणं आणि साधं बुरशीचं मलम नेमाने काही आठवडे लावणं, खाज थांबल्यावरही लावणं, एवढं पुरतं. मेडिकलवाला जे ‘सगळ्यावर चालणारं’ मलम काढून देतो त्यात बुरशीच्या औषधासोबत बहुधा स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत गायब, बुरशी मात्र हातपाय पसरते. ऑफिसात किंवा शाळेत मोज्यांची एक कोरडी जोडी ठेवावी, याहून शहाणा सल्ला माझ्याकडे नाही.

भेगांचं तर घरोघर आहे. टाचेची कडक झालेली कातडी वजनाने बाजूला पसरते आणि चिरते, म्हणून आधी ती कातडी कमी करायची आणि मग ओलावा कोंडायचा. अंघोळीत वजरीने हळू घासायचं, ब्लेडला हात लावायचा नाही, टिपून घेतल्यावर लगेच मलम लावायचं. युरिया असलेलं क्रीम उत्तम. आमच्या मालवणच्या मावशीकडून दर मे महिन्यात भिरंडेल यायचं, कोकमाच्या बियांचं ते तेल, थिजलेलं, मुठीत वळलेले गोळे. पळीत जरा वितळवून भेगेत सोडायचं, झोपताना मोजे घालायचे. कोकणातल्या बायकांनी शेतातल्या चिखलात उभं राहून जे शोधलं ते क्रीमच्या ट्यूबपेक्षा कुठेच कमी नाही.

भेगा दिसायला वाईट म्हणून त्रास देतात असं लोकांना वाटतं. मुंबईत त्यांची भीती दुसरीच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, निम्मं शहर कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेलं, आणि नंतरच्या आठवड्यांत लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, साथ आली. उंदीर-घुशींच्या मूत्रातले जंतू त्या पाण्यात असतात आणि त्यांना शरीरात शिरायला पायाची एवढीशी चीर पुरते. तेव्हापासून पाणी तुंबलं की पालिका सांगते, पाण्यातून चालत आला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या घ्या. दादरच्या हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून घरी गेलेली माणसं ते ऐकतात आणि विसरतात. मीही पाऊस ओसरला की विसरते. भेगा मात्र आता एप्रिलपासूनच भरून घेते.

कुरूप आणि घट्टे यांचंही मूळ दाबात असतं. बूट अरुंद, बोट वाकडं, एकाच जागी घासणं. ते कितीही कापलं तरी बूट तोच असेल तर कुरूप परत येणार. केमिस्टकडची कॉर्न कॅप म्हणजे कातडी जाळणारं सॅलिसिलिक ॲसिड. धडधाकट माणसाला ती चालून जाते. मधुमेह असलेल्याला तिनेच जखम होते, आणि ती जखम त्याला दुखत नाही. खरा घोटाळा हा आहे. माझी टाच बोंबलते म्हणून मी तिची काळजी घेते. ज्याच्या पायाच्या नसा साखरेने बधिर झाल्या आहेत त्याच्या पायात टाचणी रुतली तरी तो दिवसभर चालत राहतो. आमच्या नात्यातले एक काका मंगळवारी अनवाणी सिद्धिविनायकाला जायचे. एप्रिलच्या दुपारी रस्ता तापलेला, तळव्याला फोड आले, आणि ते कळलं मुलीला, लादीवर ओले ठसे दिसले तेव्हा. मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे आरशात बघावेत नाहीतर घरच्या कुणाला दाखवावेत, बूट घालण्याआधी आत हात फिरवावा, बादलीतलं पाणी पायाने नव्हे, कोपराने तपासावं, आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची संवेदना बघून घ्यावी. देवाला चप्पल घातलेली चालत नसेल, पण देवळाच्या दारापर्यंत घातलेली नक्कीच चालते.

खरेदीचंही सांगून टाकते. बूट-चप्पल संध्याकाळी घ्यावी, तेव्हा पाय किंचित सुजलेला, म्हणजे खऱ्या मापाचा असतो. दोन्ही पाय मापावेत, एक बहुधा मोठा निघतो. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. तळवा मधे वाकत असेल तर ती चप्पल परत ठेवावी, ती फक्त बोटांपाशी वाकली पाहिजे. कोल्हापुरीवर माझा जीव आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ मध्ये इटलीतल्या बड्या फॅशनवाल्यांनी तिच्यासारखी चप्पल रॅम्पवर उतरवली तेव्हा इथे जी बोंब झाली तीत मीही होते. पण दुखऱ्या टाचेने कोल्हापुरी घालून बाजारहाट करू नये. हळदीकुंकवापुरती घालावी.

या सगळ्याची परीक्षा आमच्या सोसायटीच्या गेटवर झाली. रात्रपाळीचे वॉचमन साताऱ्याकडचे, त्यांना सगळे मामा म्हणतात. मी जिन्यात टाचा वर-खाली करताना त्यांनी पाहिलं होतं. एका रात्री त्यांनी विचारलं, ‘ताई, माझीबी टाच सकाळी टेकत नाही. काय करू?’ मी त्यांना बोटं ओढायचा व्यायाम दाखवला. ते म्हणाले, ‘करतो. पण बसून करायचा ना? खुर्ची काढून नेली कमिटीनं. म्हणाले, झोपता तुम्ही.’

वार्षिक सभेत लिफ्टची दुरुस्ती आणि पार्किंगचा तंटा यांच्या मधे मी खुर्चीचा विषय काढला. मामा बारा तास उभे असतात, हे पुष्कळांना खरंच माहीत नव्हतं. खजिनदार म्हणाले, पाठ टेकली की डोळा लागतो, गेल्या वर्षी दोन सायकली गेल्या. खूप बोलणं झाल्यावर ठराव झाला: खुर्ची नाही, स्टूल द्यायचं, बिनपाठीचं. मामांनी ते गेटशेजारच्या भिंतीला लावून ठेवलंय. पाठीची सोय भिंतीने केली आहे, आणि खजिनदारांच्या ते अजून लक्षात आलेलं नाही.